इंग्लंडमध्ये मुलाला घरी शिकवायचं ठरलंय? शाळेला पत्र देण्याआधी हे वाचा

‘आमचे पासपोर्ट भारतीय आहेत, मग इथला शाळेचा कायदा आम्हाला कसा लागू होईल?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं. उत्तर असं की मूल जिथे राहतं तिथला कायदा लागू होतो, पासपोर्ट कुठलाही असो. जर्मनीत राहून मुलाला घरी बसवून एनआयओएसचा (भारताच्या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाचा) अभ्यास करून घेता येत नाही. तिथे शाळेत जाणंच सक्तीचं आहे आणि 2019 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ती सक्ती मान्य केली. इंग्लंडमध्ये मात्र घरी शिकवणं पूर्ण कायदेशीर आहे. 1996 च्या शिक्षण कायद्याचं कलम 7 सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, क्षमतेला, कलाला आणि विशेष गरजांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहणं पालकांचं कर्तव्य आहे, मग ते शाळेत असो वा इतर मार्गाने. शिक्षकाची पदवी लागत नाही, सरकारी अभ्यासक्रम पाळायचं बंधन नाही, तासांचं वेळापत्रकही नाही.

आधी व्हिसा पाहा. आई किंवा वडील कामाच्या व्हिसावर असतील आणि मूल डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून म्हणून आलेलं असेल, तर शाळेत नाव असलंच पाहिजे अशी अट नाही. पण मूल स्वतः चाइल्ड स्टुडंट व्हिसावर असेल तर त्याचा व्हिसाच त्या शाळेवर उभा असतो. शाळा सोडली की शाळा गृहखात्याला कळवणार. तिथे घरी शिकवण्याचा विचार नको.

सक्तीचं वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू होतं. त्यासाठी 31 ऑगस्ट, 31 डिसेंबर आणि 31 मार्च या तारखा धरतात. रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात, मुलं चौथ्या वर्षीच जातात, म्हणून ‘चार वर्षांपासून सक्ती’ असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. मुलाचं नाव शाळेत कधी घातलंच नसेल, तर कुणाची परवानगी लागत नाही.

नाव घातलेलं असेल तर पत्र लागतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओळखीतल्या एका जोडप्याने शाळेला लिहिलं होतं, ‘आम्ही मुलीला घरी शिकवण्याचा विचार करत आहोत, कृपया परवानगी द्यावी.’ शाळेने ते पत्र नुसता विचार म्हणून फाईलला लावलं, मुलगी हजेरीपटावरच राहिली आणि पुढचे सगळे दिवस विनापरवानगी गैरहजेरीचे धरले गेले. त्या आईच्या हातात दंडाची नोटीस होती, आणि आपण तर रीतसर कळवलं होतं असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. पत्रात परवानगी मागायची नसते. अमुक तारखेनंतर आमचं मूल शाळेत येणार नाही, त्याला शाळेबाहेर घरी शिक्षण मिळेल, त्याचं नाव पटावरून काढावं, एवढी तीन वाक्यं पुरतात. ऑगस्ट 2024 पासून लागू असलेल्या हजेरीच्या नियमांत लेखी कळवणं आणि शेवटची तारीख दोन्हींना महत्त्व आहे. तारीख विसरू नका. ईमेल करा, पोच मागा, ती जपून ठेवा. मुख्याध्यापकांनी ‘आधी भेटायला या’ म्हटलं तर खुशाल जा, पण नाव काढणं त्या भेटीवर अवलंबून नसतं.

दोन अपवाद मात्र नीट लक्षात घ्या. मूल कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, ठरवून दिलेल्या विशेष शाळेत असेल तर कौन्सिलची संमती लागते. न्यायालयाचा शाळेबाबतचा आदेश असेल तरीही नुसत्या पत्रावर भागत नाही. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून मूल काढायला स्थानिक प्रशासनाची संमती घ्यावी लागते, त्यामुळे लंडनच्या मैत्रिणीचं पत्र ग्लासगोत चालणार नाही.

गणपतीला किंवा लग्नसराईला दोन महिने भारतात जायचंय म्हणून नाव काढायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. गैरहजेरीचा 80 पौंडांचा दंड वाचेल (21 दिवसांत भरला नाही तर तो 160 होतो, आणि तो प्रत्येक पालकाला वेगळा), पण परत आल्यावर त्या शाळेत जागा असेलच असं नाही. भावाची शाळा एकीकडे, बहिणीची तीन मैलांवर अशी धावपळ करणारी घरं पाहिली आहेत.

नाव काढलं की शाळा कौन्सिलला कळवते आणि काही आठवड्यांत कौन्सिलचं चौकशीचं पत्र येऊ शकतं. लोक दोन टोकं गाठतात. काही जण घाबरून घर दाखवायला तयार होतात, काही जण पत्र फेकून देतात. घरी येऊ देणं सक्तीचं नाही, पण गप्प बसणं महागात पडतं. उत्तर नसेल तर शिक्षण चालू नाही असं कौन्सिल धरू शकते. मग त्याच 1996 च्या कायद्याच्या कलम 437 खाली नोटीस येते, तिला उत्तर द्यायला किमान 15 दिवस मिळतात, आणि त्यानंतर शाळेत घालण्याचा आदेश. तो मोडला तर न्यायालय 1000 पौंडांपर्यंत दंड करू शकतं. म्हणून दोन पानी लेखी उत्तर द्या: कुठली पुस्तकं, गणितात कुठवर आलो, पोहणं, वाचनालय, इतर मुलांशी भेटीगाठी. आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर रोज मराठी वाचन होत असेल तर तेही लिहा, ते शिक्षणच आहे. घरी शिकणाऱ्या मुलांची सक्तीची नोंदवही करण्याची तरतूद डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात होती, तेव्हा पत्र देण्याच्या आठवड्यात सध्याचा नियम सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहाच.

आता परतीची गोष्ट, जी निघताना कुणालाच सुचत नाही. महाराष्ट्रात पहिला प्रश्न असतो, ‘दाखला कुठाय?’ इंग्लंडमधल्या शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत, आणि घरी शिकलेल्या मुलाकडे तो असणार कुठून? आठवीपर्यंत घाबरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आहे. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम 14 सांगतं. खिडकीवरचा माणूस ‘असं चालत नाही’ म्हणाला तर नकार लेखी मागा.

खरी अडचण दहावीला येते. महाराष्ट्र बोर्डाची दहावी बाहेरून देण्यासाठीच्या 17 नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. एनआयओएसच्या दहावीला मात्र 14 वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो, आधीच्या शाळेऐवजी स्वयंघोषणा चालते. इंग्लंडमध्येच परीक्षा द्यायची असेल तर आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते. केंद्र स्वतः शोधायचं, फी स्वतः भरायची.

मूल इंग्लंडमध्ये जन्मलेलं असेल तर जन्मदाखल्याची पूर्ण प्रत काढा. छोट्या प्रतीवर आईवडिलांची नावंच नसतात. पूर्ण प्रतीवर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) तिथे असतानाच करून घ्या, पुण्यात बसून ते काम फार लांबतं.