पदवी हातात नाही म्हणून अर्ज थांबवू नका

‘दीक्षांत समारंभात पदवी मिळेपर्यंत सरकारी नोकरीचा अर्ज भरता येत नाही,’ हा समज नागपुरात पदवीधरांमध्ये जुनाच. तो चुकीचा आहे. यूपीएससी नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेला तर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसतात. उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जासोबत लागतो.

घोळ होतो तो तारखेत. सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या भरतीत जाहिरातीतल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला हवा. गुणपत्रिका वेबसाइटवरून काढलेली असेल, तर विद्यापीठाकडून तारखेसह सही-शिक्क्याचं पत्र आधीच घ्या. पडताळणीच्या आदल्या दिवशी धावपळ करून ते मिळत नाही. आणि टक्के वाढवून लिहू नका: 59.99 म्हणजे तिथे 60 पेक्षा कमीच.