टेस्ट किट शून्य, तरी दगड हिरवेगार

घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कोडं पडतं. पाणी तपासायचं टेस्ट किट शेवाळाचं खत असलेलं फॉस्फेट शून्य दाखवतंय, नायट्रेटही नावापुरतं, आणि दगडांवर मात्र बोटभर लांबीचं केसाळ शेवाळ डुलतंय. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पाणी घाण झालंय, बदला.’ पाणी बदललं जातं, मिठाचे पैसे जातात आणि पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा तिथेच.

किट खोटं बोलत नाही. ते फक्त त्या क्षणी पाण्यात मोकळं असलेलं फॉस्फेट मोजतं. शेवाळाने उचललेलं त्याला दिसत नाही. शिवाय शेवाळ रोजच्या गरजेपुरतं घेऊन थांबत नाही. मिळेल तेव्हा जास्तीचं फॉस्फेट उचलून, त्याच्या लांब साखळ्या गुंफून पेशीत साठवून ठेवतं. त्यामुळे शेवाळाने भरलेल्या टँकमध्ये किटवर शून्य दिसणं अगदी साहजिक आहे.

थोडं गणित करू. समजा टँक २०० लिटरचा आहे आणि लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे. प्रवाळांच्या टँकसाठी ही पातळी चांगली मानतात. म्हणजे सगळ्या पाण्यात मिळून फॉस्फेट फक्त १० मिलिग्रॅम. आता माशांच्या सुक्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचं फॉस्फेट झालं की वजन तिप्पट, म्हणजे ३० मिलिग्रॅम. वाढ पुरी झालेला मासा त्यातलं फारच थोडं अंगी लावतो, बाकीचं पाण्यात सोडतो. म्हणजे एका ग्रॅम खाद्यातून टँकमधल्या एकूण साठ्याच्या तिप्पट फॉस्फेट येतं. आणि दहा टक्के पाणी बदललं तर २० लिटरमधून बाहेर जातं किती? एक मिलिग्रॅम. बादल्या उचलून पाठ मोडते, पण फॉस्फेटला त्याचा पत्ताही लागत नाही. पाणी बदलणं इतर कारणांसाठी हवंच, क्षारांचं प्रमाण त्यानेच टिकतं. पण शेवाळावरचा उपाय म्हणून ते जवळपास निरुपयोगी आहे.

बरं, खाद्य निम्म्यावर आणलं तरी महिनोन्महिने फरक पडत नाही. याचं कारण दगडात आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

टँकमधला दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. चुनखडीच्या जमिनीत शेती करणाऱ्याला पुढचं वेगळं सांगावं लागणार नाही. अशा जमिनीत सुपर फॉस्फेट कितीही फेका, पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळत नाही, ते कॅल्शियमला धरून बसतं. म्हणून तर ते शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यायला सांगतात. टँकमध्ये हेच घडतं, फक्त आपल्याला ते नको असतं. दगड सच्छिद्र असतो, त्याच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ बाहेरून दिसतं त्याच्या कितीतरी पट असतं. त्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला फॉस्फेट जाऊन चिकटतं. रसायनशास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो पृष्ठभागावर बसतो, आणि पृष्ठभागावर बसलेला उठूही शकतो. पाण्यात फॉस्फेट वाढलं की काही कण बसतात, कमी झालं की काही उठतात, आणि दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल साधतो.

या समतोलाचा आलेख सरळ रेषेत जात नाही. पृष्ठभागावरच्या सगळ्या जागा एकसारख्या नसतात. काही फॉस्फेटला घट्ट धरतात, काही सैल. घट्ट जागा आधी भरतात, सैल नंतर. सोडताना क्रम उलटा. त्यामुळे वर्षानुवर्षं भरलेला दगड सुरुवातीला भरभर फॉस्फेट सोडतो, मग हळूहळू, आणि शेवटचा हिस्सा तर सोडतच नाही, कारण त्यातल्या काहीचं कालांतराने कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज झालेलं असतं. टँकमध्ये आयर्न ऑक्साइडचे दाणे लावणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव याच्याशी जुळतो. हे दाणे म्हणजे एका अर्थी गंजच. ते फॉस्फेट झपाट्याने ओढतात, किटवरचा आकडा ०.०२ वर येतो, माणूस खूश होऊन दाणे काढतो आणि चार दिवसांत आकडा पुन्हा ०.१. दाणे नकली नव्हते. पाण्यातलं गेलं आणि दगडाने त्याची भरपाई केली. त्यातही दगडाला लागून पाण्याचा एक अगदी पातळ, जवळपास स्थिर थर असतो. दगडातून सुटलेलं फॉस्फेट हा थर ओलांडून किटच्या नळीपर्यंत पोचण्याआधी सापडतं कोणाला, तर त्याच दगडावर पाय रोवून बसलेल्या शेवाळाला. म्हणून दाणे वापरायचे तर थोडे, पण सलग काही महिने.

‘सात दिवसांत शेवाळ साफ’ म्हणणाऱ्या बाटल्यांची लायकी यावरून कळावी. शेवाळ मारता येतं, त्यात अवघड काही नाही. पण मेलेलं शेवाळ कुजतं आणि त्यातलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात, तिथून दगडात. दुसरी गोष्ट वास्तूवाल्यांची. ईशान्य कोपऱ्यात टँक ठेवा, त्यात नऊ मासे हवेत, एखादा मेला तर त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं म्हणायचं. खाऱ्या पाण्याच्या टँकपर्यंतही हे पोचलंय. मेलेल्या माशाबद्दल कृतज्ञ राहायला हरकत नाही, पण आधी तो बाहेर काढा. शरीराने वाढताना साठवलेला सगळा फॉस्फरस तो दगडामागे कुजत परत करत असतो. आणि तो मेला बहुधा अमोनियाने.

निसर्गातल्या प्रवाळभित्तीवर शेवाळ का माजत नाही, याचं उत्तर १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्राने फार महागात शिकवलं. तिथे डायडेमा नावाचा लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन लाखोंनी होता. त्या जानेवारीत पनामाजवळ त्यांच्यात साथ आली आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच उपसून संपवले होते, १९८० च्या ॲलन वादळाने प्रवाळं मोडली होती. शेवाळ खाणारा हा शेवटचा मोठा प्राणीही गेल्यावर भित्ती शेवाळाखाली गाडली गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून जास्त तळ जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. शेवाळ तिथे आधीही उगवतच होतं, पण उगवता उगवता खाल्लं जात होतं.

टँकमध्ये हे काम टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी करतात. अर्चिन तर पाच दातांनी दगड खरवडूनच काढतो. टँग मासाही उत्तम, पण मुंबईच्या वन बीएचकेत मावणाऱ्या टँकमध्ये त्याला कोंडू नये, त्याला पोहायला लांबी लागते. मात्र खाणाऱ्यांची एक मर्यादा आहे. गोगलगायीने खाल्लेलं शेवाळ टँकच्या बाहेर जात नाही, विष्ठा होऊन आतच राहतं. जागा प्रवाळांना मिळते, फॉस्फेट तिथेच.

ते बाहेर काढायची युक्ती स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास रुळवली: शेवाळ मुद्दाम वाढवायचं, पण आपण ठरवू तिथे. जाळीवरून पाणी खेळवायचं, वर झगझगीत दिवा, आणि वाढलेला थर दर आठवड्याला खरवडून फेकायचा. आज बरेच जण टँकखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या जोडटाकीत, चेटोमॉर्फा नावाचं तारेच्या गुंत्यासारखं दिसणारं शेवाळ वाढवतात. पिळून काढलेल्या १०० ग्रॅम ओल्या शेवाळात सुकं साधारण १० ग्रॅम निघतं. त्यात फॉस्फरस हजारात एक भाग धरला, आणि हा अंदाज हात राखूनच आहे, तरी ३० मिलिग्रॅम फॉस्फेट बाहेर गेलं. एक ग्रॅम खाद्य फिटलं. संपचा दिवा रात्री लावला तर आणखी बरं, वरचे दिवे बंद असताना घसरणारा पीएच थोडा सावरतो.

हे सगळं वाचून कोणी नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही खरोखर शून्यावर नेऊन ठेवायच्या मागे लागेल, तर थांबा. प्रवाळाच्या पेशींत राहणारे झूझँथेली हे स्वतः डायनोफ्लॅजेलेट गटातले एकपेशीय जीव आहेत. प्रवाळाची बरीचशी ऊर्जा तेच उन्हातून कमावून देतात आणि त्यांनाही नत्र-स्फुरद लागतं. ते उपाशी पडले की प्रवाळ फिकुटतो. आणि रिकाम्या झालेल्या दगडावर बहुतेकदा त्याच गटातले नको असलेले भाऊबंद येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेले धागे. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या काही जाती विषारी असतात, गोगलगायी मरतात. हिरवं शेवाळ परवडलं असं वाटायला लागतं.

‘समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यायचं?’ हाही मुंबईतला नेहमीचा प्रश्न. शहराचं सांडपाणी वरळी आणि वांद्र्याहून नळांनी समुद्रात आत सोडलं जातं, पावसाळ्यात किनाऱ्याची क्षारता घसरते. या गढूळ पाण्यातही प्रवाळं जगतात हे खरं आहे. कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची काही प्रवाळं उचलून दुसरीकडे नेली, तेव्हा ती इथे आहेत हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. पण त्या गाळ सोसणाऱ्या जाती आहेत, दुकानातल्या नव्हेत. आणि ओहोटीला जाऊन एखादा तुकडा खरवडून आणायचा विचार मनात असेल, तर दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी.

नळाचं पाणी मग? २०१९ च्या केंद्राच्या तपासणीत मुंबईचं पाणी देशातल्या शहरांत पहिलं आलं होतं, आणि पिण्यासाठी ते उत्तमच आहे. पण ते येतं सह्याद्रीच्या कुशीतल्या तलावांतून, आणि तिथला बेसाल्ट झिजताना पाण्यात सिलिका सोडतो. सिलिकेवर डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ वाढतं, नव्या टँकच्या वाळूवर येणारा तपकिरी थर तो त्याचाच. आरओच्या गाळणीनंतर डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, लावल्याशिवाय सिलिका पुरती जात नाही. रेझिन संपत आलं की पहिल्यांदा निसटते तीच, आणि ती विजेचं वहन जवळपास करत नसल्याने विजेच्या वहनावरून क्षार मोजणारा टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवतो. तेव्हा वाळूवर तपकिरी थर परतला तर मीटरकडे बघत बसू नका, रेझिन बदला.