तात्पर्यनिर्णय

ग्रंथाला किंवा प्रकरणाला नेमके काय सांगायचे आहे, हे ठरवण्याची मीमांसाशास्त्रातली, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातली, रीत. शालेय पुस्तकात गोष्टीखाली छापलेले ‘तात्पर्य’ म्हणजे बोध. त्याच्याशी हिचा संबंध नाही. आधार एका श्लोकाचा :

उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

लिंगे म्हणजे खुणा, आणि त्या सहा. उपक्रम (आरंभ) व उपसंहार (शेवट) मिळून एकच खूण धरतात. सुटे मोजले की सात होतात. वेदान्तातले ठरलेले उदाहरण छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाचे. तिथे ‘तत्त्वमसि’ नऊ वेळा येते, हा अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती. मातीच्या गोळ्याचा दृष्टांत ही उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद. इतर प्रमाणांनी न कळणारे ते अपूर्व. फल म्हणजे त्या ज्ञानाने काय साधते ते, आणि अर्थवाद म्हणजे स्तुती-निंदा.

मराठी वाचकाला ही कसोटी भेटते ती बहुधा लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५). रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी पहिल्याच प्रकरणात ती मांडली आहे. अर्जुन धनुष्य टाकून बसतो हा उपक्रम, ‘करिष्ये वचनं तव’ हा उपसंहार, ‘तस्माद्युध्यस्व’ यासारखा पुनःपुन्हा येणारा उपदेश हा अभ्यास. म्हणून गीता कर्मयोगपर. युक्तिवाद भक्कम आहे, पण उपक्रम कुठून धरायचा हे श्लोक सांगत नाही. शंकराचार्यांचे भाष्य दुसऱ्या अध्यायातल्या ‘अशोच्यानन्वशोचस्त्वं’च्या सुमारास सुरू होते. शोक-मोह हा आरंभ मानला, की ज्ञान हे उत्तर ठरते. वाद निम्मा इथेच ठरून जातो, म्हणून आरंभ कोणता धरला आणि का, हे अभ्यासकाने आधी लिहून द्यावे.

अर्थवादाने तर कज्जे फिरवले आहेत. धर्मसूत्रकार वसिष्ठ म्हणतो, एकुलता मुलगा दत्तक देऊ वा घेऊ नये. लगेच कारण देतो, ‘स हि संतानाय पूर्वेषाम्’, म्हणजे तो पूर्वजांचा वंश चालवण्यासाठी असतो. हे कारण म्हणजे अर्थवाद धरला, तर प्रश्न उरतो : कारण जोडलेला निषेध सक्तीचा, की नुसता उपदेश? १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश अमदानीतले अखेरचे अपील न्यायालय) तो उपदेशवजा मानून असे दत्तक वैध ठरवले. धर्मशास्त्राला मीमांसेचे नियम कसे लागतात, याचा विस्तार चिपळूण तालुक्यात जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात आहे.

नेहमीचा घोटाळा दोन षट्कांचा. मीमांसासूत्रकार जैमिनीचे श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या हे षट्क वेगळे. यज्ञातले कोणते अंग (पूरक भाग) कोणत्या कर्माचे, हे त्याने ठरते, आणि त्यात आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान असते. वरच्या श्लोकातल्या खुणांना असा क्रम नाही. नुसता ‘अभ्यास’ दाखवून निकाल देता येत नाही, बाकीच्यांशी तो जुळावा लागतो.