कॉलेज क्वार्टरबॅक ड्राफ्टसाठी तयार आहे की नाही हे कसं ओळखतात

अमेरिकन फुटबॉलमधे कॉलेजात खेळणारा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचं आक्रमण चालवणारा गडी, व्यावसायिक लीगमधे, म्हणजे एनएफएलमधे, उतरण्याइतका पिकलाय का याचा अंदाज बांधण्याची ही प्रक्रिया. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा ड्राफ्ट होतो, ३२ टीम्स सात फेऱ्यांमधे खेळाडू निवडतात, आधीच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा नंबर पहिला. यात क्वार्टरबॅकची निवड ही सगळ्यात महागडी आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी, कारण आक्रमणातला जवळपास प्रत्येक बॉल त्याच्या हातातून जातो आणि तोच जर फसला तर कोच, जनरल मॅनेजर आणि टीमची तीन-चार वर्षं, सगळंच बुडतं.

हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की खेळाडू ड्राफ्टला पात्र होतो. म्हणजे चौथं-पाचवं वर्ष शिल्लक असलेल्या पोराला जानेवारीत ठरवायचं असतं की जायचं की अजून एक सीझन कॉलेजात काढायचा. त्यासाठी लीगची एक सल्लागार समिती आहे, ती खेळाडूला साधारण तीनच उत्तरं देते: पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, किंवा कॉलेजातच थांब. पण ही समिती सांगते ते बाजारभावाचं. कुठल्या फेरीत जाणार आणि गेल्यावर टिकणार का हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक चर्चेत यांची सरमिसळ होते.

व्हिडिओत काय बघतात

खरं काम इथे आहे. स्काउट, म्हणजे टीम्ससाठी खेळाडू पारखणारी मंडळी, एकेका क्वार्टरबॅकच्या प्रत्येक मॅचचा प्रत्येक प्ले (डाव) बघतात, टीव्हीवर दिसतो तसा नाही तर वरून घेतलेला, ज्यात मैदानावरचे सगळे २२ जण दिसतात. लांबवर फेकलेला सुंदर बॉल बघायला कुणालाही आवडतं पण त्यातून फार कमी कळतं. बघायचं असतं ते बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंतच्या अडीच-पावणेतीन सेकंदांत पोरगा काय करतो ते.

पहिली गोष्ट, नजर. एनएफएलमधे पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि हे सगळं पायांच्या लयीत, म्हणजे पाय टेकला की नजर पुढे सरकली पाहिजे. कॉलेजातल्या बऱ्याच टीम्स पोरांना हे करूच देत नाहीत. तिथे आरपीओ नावाचे प्लेज असतात ज्यात एकाच बचावपटूकडे बघायचं, तो पुढे आला तर पास आणि मागे राहिला तर धावणाऱ्याला बॉल द्यायचा, किंवा प्ले ठरल्यावर सगळी टीम बाजूच्या रेषेकडे वळून कोचचा इशारा बघते आणि बदल तिथूनच येतो. अशा पोराचे आकडे झकास दिसतात, ७० टक्के पास पूर्ण, चाळीस टचडाउन (बॉल पलीकडच्या टोकाला पोचवणं), आणि तरी त्याला समोरचा बचाव वाचता येतो की नाही याचा एकही पुरावा त्या आकड्यांत नसतो. म्हणून जाणकार लोक थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतली तिसरी, आणि आठ-दहा यार्ड हवेत असे प्लेज वेगळे काढून बघतात, कारण तिथे सगळ्यांना माहीत असतं की पास येणार आणि सोपी वाट बंद असते.

दुसरं, वेळेच्या आधी फेकणं. कॉलेजात रिसीव्हर मोकळा झालेला दिसला की फेकला तरी चालतं, एनएफएलमधे दिसेपर्यंत ती फट बुजलेली असते, त्यामुळे रिसीव्हर वळायच्या आत बॉल सुटलेला हवा. यात मैदानाच्या खुणांचाही हात आहे. मधल्या हॅश मार्क्सच्या, म्हणजे ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवून प्ले सुरू होतो त्या खुणांच्या, दोन ओळींमधे कॉलेजात ४० फूट अंतर असतं, एनएफएलमधे साडेअठरा फूटच, त्यामुळे कॉलेजात बॉल बऱ्याचदा मैदानाच्या एका बाजूला ठेवला जातो आणि दुसऱ्या बाजूला भरपूर मोकळी जागा उरते. व्यावसायिक मैदानात ती जागा गायब होते. पण याच कारणामुळे कॉलेजात लांबच्या हॅशवरून पलीकडच्या रेषेपर्यंत सपाट आणि जोरात फेकलेला पास स्काउट आवर्जून शोधतात, हातात दम किती ते तिथे कळतं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, अंगावर कुणी येत असताना तो काय करतो. पॉकेट म्हणजे पुढच्या पाच दांडग्या खेळाडूंनी त्याच्याभोवती धरून ठेवलेली जागा, ती कोसळायला लागली की काही पोरं नजर खाली टाकतात आणि पळायला लागतात, काही जण एक पाऊल पुढे सरकून नजर वरच ठेवतात. दबाव आल्यावर किती वेळा सॅक होतो, म्हणजे बॉल सोडायच्या आत पाडला जातो, हे प्रमाण कॉलेजातून एनएफएलमधे बऱ्यापैकी तसंच येतं, सवयच असते ती, आणि सॅक म्हणजे फक्त पुढच्या लाइनचा दोष हा समज इथे फार नडतो. ३१ डिसेंबर २०२२ ची पीच बोल नावाची कॉलेज उपांत्य फेरीतली ओहायो स्टेट विरुद्ध जॉर्जिया मॅच यासाठी बघण्यासारखी आहे. ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडबद्दल तोपर्यंत म्हणायचे की पॉकेट स्वच्छ असेल तोवरच हा चांगला, हलायला तयार नाही. त्या रात्री देशातल्या सगळ्यात तगड्या बचावांपैकी एकापुढे त्याने ३४८ यार्ड आणि चार टचडाउन केले, पळाला, पळता पळता फेकलं, ओहायो स्टेट ४२-४१ ने हरली पण त्या एका मॅचने त्याच्याबद्दलचा मुख्य प्रश्न बऱ्यापैकी मिटवला.

किती मॅचेस खेळलाय

बिल पार्सेल्स या जुन्या कोचच्या नावाने एक नियमावली सांगितली जाते: पोरगा शेवटच्या वर्षाला असावा, पदवी घेतलेली असावी, तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला असावा, किमान २३ मॅचेस जिंकलेला असावा. ऐकायला जुनाट वाटतं, पण त्यामागचा विचार पक्का आहे. मॅचेस जास्त म्हणजे वाईट दिवस जास्त, आणि वाईट दिवसानंतर पोरगा कसा वागतो हे एका सीझनमधे दिसत नाही. शिवाय पहिल्या सीझनला गडी नवा असतो, दुसऱ्याला समोरच्या कोचेसनी त्याची खेळायची पद्धत अभ्यासलेली असते, तेव्हा त्याच्याकडे उत्तर आहे का हे बघायला दुसरा सीझन तरी हवाच.

२०१७ ला शिकागो बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर यायला जादा पिक्स, म्हणजे निवडीचे हक्क, देऊन मिच ट्रुबिस्कीला घेतलं, नॉर्थ कॅरोलायनात तो फक्त १३ मॅचेस सुरुवातीपासून खेळला होता. २०२३ ला अँथनी रिचर्डसन चौथ्या नंबरवर गेला, फ्लोरिडात त्याच्याही १३ च सुरुवाती आणि पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास. दोघांचंही जमलं नाही. उलट बाजूला २०२४ चे जेडन डॅनिएल्स आणि बो निक्स, दोघंही दोन-दोन कॉलेजांतून पन्नासच्या वर मॅचेस खेळून आलेले, निक्सच्या तर ६१ सुरुवाती, आणि दोघांनीही पहिल्याच वर्षी आपापल्या टीमला प्लेऑफमधे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, नेलं. ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटला चार सीझन खेळला आणि २०२२ च्या ड्राफ्टमधे अगदी शेवटचा, २६२ वा, निवडला गेला, दुसऱ्याच सीझनला तो सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, खेळत होता.

आता याला मोठा अपवाद आहे तो जोश ॲलन. वायोमिंगसारख्या लहान प्रोग्रॅममधे पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५६.२ टक्के, आणि आकडेवारीवाले ओरडून सांगत होते की नेम असा असलेले सुधारत नाहीत. २०१८ ला बफलोने सातव्या नंबरवर घेतला, पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, २०२० ला ६९.२ टक्के, आणि २०२४ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणून काय प्रत्येक वेड्यावाकड्या नेमाच्या उंच पोरात ॲलन शोधायचा का, तर नाही. पण एक अपवाद इतका मोठा झाला की तेव्हापासून टीम्स तो शोधत बसल्यात, रिचर्डसनची निवड त्यातूनच आली.

मोजमापं आणि परीक्षा

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन भरतो, उंची, वजन, हाताच्या पंजाची रुंदी, ४० यार्डांची धाव असं सगळं मोजतात. डॉक्टरांची तपासणी आणि टीम्सबरोबरच्या मुलाखती हा त्यातला खरा कामाचा भाग. टॉम ब्रेडी २००० साली ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला, १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकला, हे सगळ्यांना पाठ आहे. उंचीचा आग्रहही आता ढिला पडलाय, ड्र्यू ब्रीस सहा फूट, रसेल विल्सन त्याहून कमी, आणि २०१९ ला कायलर मरे पाच फूट दहा इंचांचा असून पहिल्या नंबरवर गेला.

डोक्याची परीक्षा पूर्वी वंडरलिक नावाची होती, १२ मिनिटांत ५० प्रश्न, २०२२ पासून कम्बाइनमधे ती बंद झाली. मग एस-टू नावाची कॉम्प्युटरवरची चाचणी काही टीम्स घ्यायला लागल्या, २०२३ ला स्ट्राउडचे तिथले कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्या तयारीवर आठवडाभर चर्चा झाली. त्याच सीझनला ह्यूस्टनसाठी त्याने २३ टचडाउन आणि फक्त पाच इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेले पास) केले आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. माझं मत स्पष्ट आहे, पीच बोलचा व्हिडिओ हाताशी असताना त्या आकड्याला किंमत द्यायचं काही कारण नव्हतं. त्यापेक्षा मुलाखतीत पोराला फळ्यापाशी उभं करून त्याच्याच कॉलेजचा एखादा फसलेला प्ले काढायला लावतात, कुणी कुठे असायला हवं होतं, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) कुठून आला, तू काय बघितलंस, त्यातून जास्त कळतं.

तयार असणं म्हणजे पहिल्या वर्षी चमकणंच असं नाही. १९९८ ला पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा गेला, आणि ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने वाद होता की दोघांत सरस कोण. मॅनिंग तीन वर्षांत पदवी घेऊनही टेनेसीला चौथं वर्ष थांबला होता. पहिल्या सीझनला त्याने २८ इंटरसेप्शन फेकले आणि त्याची टीम कोल्ट्स ३-१३, म्हणजे तीन विजय, तेरा पराभव. लीफचे दोन टचडाउन आणि १५ इंटरसेप्शन. नुसते पराभव मोजले तर दोघंही फसलेले वाटतील. पण मॅनिंगच्या चुका या बॉल वेळेवर सोडून, योग्य ठिकाणी बघून झालेल्या होत्या, २६ टचडाउन त्याच सीझनला होते आणि पुढच्या वर्षी टीम १३-३. लीफ २००१ नंतर एनएफएलमधे एकही मॅच खेळला नाही.

कुठे जातो यावर अर्धं

पोराबद्दल इतकं बोलतो आपण, पण तो ज्या टीममधे पडतो तिची तयारी कुणी जोखत नाही आणि मला हीच या सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. २००२ ला डेव्हिड कार पहिल्या नंबरवर नव्याकोऱ्या ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला आणि पहिल्याच सीझनला ७६ वेळा सॅक झाला, अशात कुणाची लय आणि नजर शाबूत राहील. २०२३ ला ब्राइस यंग स्ट्राउडच्या आधी, पहिल्या नंबरवर कॅरोलायनाने घेतला, ६२ सॅक, ११ मॅचेसनंतर मुख्य कोचची हकालपट्टी, टीम २-१५, आणि दुसऱ्या सीझनला दोनच मॅचेसनंतर त्याला बाकावर बसवलं. तो थोडे आठवडे बसून परत आला तेव्हा बराच सावरलेला दिसत होता. सॅम डार्नोल्ड २०१८ ला तिसरा गेला, जेट्समधे फुकट गेला असं सगळे म्हणाले, २०२४ ला मिनेसोटाच्या कोचच्या हाताखाली १४ मॅचेस जिंकला. हात तोच होता.

पॅट्रिक महोम्सचं उदाहरण तर २०१७ च्याच ड्राफ्टमधलं, ट्रुबिस्कीच्या आठ जागा खाली, दहावा. टेक्सस टेक कॉलेजच्या एअर रेड, म्हणजे पासवर भर देणाऱ्या, पद्धतीतून आलेला, पायांची शिस्त नाही, प्लेज साधे, म्हणून बऱ्याच जणांनी त्याला कच्चा ठरवलं, आणि ते चूक नव्हतंच. कॅन्सस सिटीने त्याला ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, पूर्ण २०१७ मधे फक्त शेवटची मॅच दिली, आणि २०१८ ला त्याने ५० टचडाउन फेकून एमव्हीपी घेतला. ॲरन रॉजर्स २००५ ला २४ वा जाऊन ग्रीन बेमधे ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसला. म्हणजे कच्चा असणं हा नकार देण्याचा मुद्दा होत नाही, घेणाऱ्याकडे थांबायची ताकद आहे का ते बघावं लागतं. आज ती ताकद कमी झालीय, २०११ च्या करारानंतर नवोदितांचे पगार ठरलेले असतात, स्वस्तातला क्वार्टरबॅक चार-पाच वर्षं मिळतो म्हणून टीम्सना तो पहिल्या दिवसापासून मैदानात हवा असतो.

हल्ली काय बदललं

२०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, त्याला एनआयएल म्हणतात, आणि कॉलेज बदलणंही सोपं झालंय. आधी घरच्या परिस्थितीमुळे पोरं लवकर निघायची, आता मोठ्या कॉलेजातल्या क्वार्टरबॅकला ड्राफ्टच्या उतरत्या फेऱ्यांत मिळेल त्यापेक्षा जास्त पैसा कॉलेजातच मिळू शकतो. त्यामुळे थांबणाऱ्यांची संख्या वाढली, एनएफएलमधे येणारा क्वार्टरबॅक वयानेही मोठा झाला, बो निक्स निवडला गेला तेव्हा २४ वर्षांचा होता, आणि त्याच्याकडून आणखी किती वाढ होणार हा प्रश्न टीम्सना नव्याने पडायला लागला.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॅम वॉर्ड. इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजातून वॉशिंग्टन स्टेटला आला, जानेवारी २०२४ ला त्याने ड्राफ्टला जातोय असं जाहीर केलं, मग थोड्याच दिवसांत निर्णय फिरवून मायामीला गेला. त्या एका सीझनमधे ३९ टचडाउन, आणि २०२५ ला टेनेसी टायटन्सनी त्याला पहिल्या नंबरवर उचललं. त्याच ड्राफ्टमधे टेक्ससचा क्विन एवर्स, जो एकेकाळी देशातला अव्वल हायस्कूल क्वार्टरबॅक मानला जायचा, कॉलेजचं वर्ष शिल्लक असताना बाहेर पडला आणि सातव्या फेरीत २३१ वा मायामी डॉल्फिन्सकडे गेला.