घोड्याच्या पायावरील स्प्लिंट : आमच्या नालबंदी सेवेच्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा संपून जमीन कडक होऊ लागली की, घोडा पुढच्या पायाने लंगडतो आहे, नाल टोचत असेल, एकदा येऊन पाहा, असे फोन आमच्याकडे वाढतात. चार महिने तबेल्यात उभा असलेला कोवळ्या वयाचा घोडा दसरा-दिवाळीच्या गर्दीत एकदम रोजच्या कामाला जुंपला जातो, तेव्हाचे हे फोन असतात. नाल काढून पाहिली तर यांतल्या काही घोड्यांच्या खुरात काहीच सापडत नाही, कारण दुखणे खुरात नसून वर, नळीच्या आतल्या अंगाला असते.

घोड्याच्या गुडघ्याखाली नळीचे जाड हाड असते आणि त्याच्या मागच्या दोन कडांना चिकटून दोन बारीक हाडे खाली निमुळती होत जातात. लहान वयात ही हाडे नळीला तंतूंच्या बंधाने जोडलेली असतात आणि वय वाढेल तसा तो बंध बहुधा हाडाचाच होऊन जातो. तसे होण्याआधी कडक जमिनीचे हादरे, अंगावरचे जादा वजन किंवा दुसऱ्या पायाची ठोकर यांमुळे बंध ताणला किंवा त्यावरील आवरण दुखावले, तर तेथे सूज येते आणि शरीर ती जागा नवे हाड घालून भरून काढते. या गाठीला स्प्लिंट म्हणतात. आतल्या हाडाच्या माथ्यावर गुडघ्यातील एका लहान हाडाचा सगळा भार येतो, तर बाहेरच्या बाजूला नळी बराचसा भार वाटून घेते; म्हणून गाठ बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या आतल्या बाजूस, गुडघ्याखाली चार-पाच बोटांवर दिसते. ज्या घोड्याची नळी गुडघ्याच्या बरोबर मध्याखाली न येता बाहेर सरकलेली आहे, त्याला हा त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

तपासणी आपण स्वतः करू शकता. सकाळी, घोडा कामावर जाण्यापूर्वी, दोन्ही नळ्यांवर हाताची मागची बाजू ठेवून एका पायाला अधिक ऊब लागते का, ते पाहावे. मग पाय उचलून गुडघा दुमडावा आणि नळी व बारीक हाड यांमधील खाचेतून अंगठा वरून खाली, सावकाश दाबत न्यावा. दुखऱ्या जागी घोडा पाय हिसकतो किंवा कान मागे टाकतो. बारीक हाड खाली जेथे संपते तेथे वाटाण्याएवढे बोंड हाताला लागते. ते प्रत्येक घोड्याला असते आणि त्यावर मलम चोळत बसलेले मालक आम्ही पाहिले आहेत. शंका आल्यास दुसरा पाय चाचपून पाहावा. साध्या चालीत लंगडणे अनेकदा दिसत नाही; कडक, सपाट जागेवर हाताने धरून दुडकी चालवल्यास दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो.

गाठ दिसणे आणि गाठ दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड, कडक, दाबल्यावर न दुखणारी गाठ ही जुन्या दुखण्याची खूण असते आणि ती फार मोठी किंवा गुडघ्याला लागून नसेल, तर कामात सहसा अडथळा आणत नाही. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात अशा गाठीवरून चांगला घोडा सोडून देण्याची गरज नाही. मात्र दोन दाती शिंगराच्या पायावर गरम, मऊसर सूज असेल आणि त्याला नाचवून दाखवले जात असेल, तर पुढे विश्रांतीचे दोन महिने आपल्याला द्यावे लागतील, हे धरूनच किंमत ठरवावी.

गरम गाठीवर खरा उपाय विश्रांती हाच आहे. काम त्याच दिवशी थांबवून पहिले काही दिवस दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे, नळीवर थंड पाण्याची धार सोडावी. बर्फ वापरल्यास तो फडक्यात गुंडाळूनच लावावा. वेदनाशामक औषध पशुवैद्यांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे, कारण जादा मात्रेने पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात, शिवाय वेदना दबली की घोडा उड्या मारू लागतो. लाथ लागून जखम झाली असेल, किंवा लंगडणे आठवडाभरात कमी होत नसेल, तर एक्स-रे अवश्य काढावा. बारीक हाड मोडलेले असू शकते. गाठ मागच्या बाजूला वाढून सस्पेन्सरी लिगामेंट या जाड बंधाला घासत असेल, तर तेही वेळीच कळणे महत्त्वाचे असते. विश्रांतीला साधारणपणे एक ते दीड महिना लागतो, कधी अधिक, आणि ऊब व दुखरेपणा पूर्ण गेल्यावरच मऊ जमिनीवर हळूहळू काम सुरू करावे. दहाव्या दिवशी लंगडणे थांबले म्हणून घोडा वरातीला डांबरी रस्त्यावर नेला आणि गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली, हा प्रकार आम्हाला दर हंगामात पाहायला मिळतो.

डाग देणे आणि बिब्बा घालणे हे उपाय अजूनही सुचवले जातात. त्याने गाठ जिरत नाही, कातडी मात्र जळते आणि घोड्याने ती जागा चाटल्यास तोंडही येते. डागल्यावर घोडा बरा झाल्याचे जे दाखले दिले जातात, त्यांत जखम भरेपर्यंत त्याला सक्तीने उभे ठेवलेले असते. गुण त्या विश्रांतीचा असतो.

खाण्याकडेही पाहावे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या कित्येक पटींनी स्फुरद असते आणि वाढत्या शिंगराला मुख्यतः कोंड्यावर ठेवल्यास हाडे कमकुवत होतात. कोंडा कमी करून लसूण घास वाढवावा. खनिज मिश्रणाचे प्रमाण पशुवैद्यांना विचारावे.

नाल बदलून स्प्लिंट बरा होत नाही, हे आम्ही नालबंद असूनही स्पष्ट सांगतो. खूर समतल ठेवणे, पुढचा भाग लांबू न देणे, नालेची आतली कड बाहेर डोकावू न देणे आणि वळवलेली खिळ्यांची टोके घासून गुळगुळीत करणे एवढे आमच्या हातात आहे. त्याने पायाला पाय लागणे कमी होते. त्यासाठी दर पाच-सहा आठवड्यांनी छाटणी व्हायला हवी. जे घोडे तरीही ठोकर खातात, त्यांना कामाच्या वेळी नळीवर संरक्षक पट्टा बांधावा.

पाय गरम असताना आम्ही नवी नाल ठोकत नाही, कारण पाय बराच वेळ दुमडून धरावा लागतो आणि घोड्याला ते सोसत नाही. अशा वेळी आधी पशुवैद्यांना बोलवावे, एक्स-रे काढला असल्यास तो जपून ठेवावा आणि आमची वेळ ठरवताना घोड्याचे वय, तो कोणत्या जमिनीवर काम करतो आणि सूज पहिल्यांदा केव्हा दिसली, हे कळवावे.