आडवा पडदा दिसला तर: स्फेनॉइड सायनस की ओनोडी सेल?

नाकाच्या सीटी स्कॅनचे समोरासमोरचे, म्हणजे कोरोनल काप बघत मागे जात राहिलं की कवटीच्या तळाशी हवेची मोठी काळी पोकळी येते. कधीकधी तिच्यात आडवा पडदा दिसतो, वर एक कप्पा आणि खाली एक. पाहणाऱ्याला वाटतं, स्फेनॉइड सायनसचेच, म्हणजे नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी असलेल्या हवेच्या पोकळीचेच, दोन मजले. पण स्फेनॉइडला डावा-उजवा करणारा पडदा उभा असतो, फार तर तिरका. आडवा दिसला की वरचा कप्पा ओनोडी सेल, म्हणजे पुढच्या एथमॉइड सायनसचा मागे पसरलेला कप्पा असणार, असं धरूनच मी पुढचे काप पाहते.

दोन डोळ्यांच्या मधला एथमॉइड सायनस पोळ्यासारखा कप्प्याकप्प्यांचा असतो. त्याचा शेवटचा कप्पा एरवी स्फेनॉइडच्या पुढच्या भिंतीपाशी संपतो. काही जणांत तो तिथे न थांबता स्फेनॉइडच्या वर आणि बाहेरच्या अंगाला पसरतो. बुडापेस्टचे नाक-घशाचे डॉक्टर अडॉल्फ ओनोडी यांचं नाव त्याला मिळालं. खात्री करायची तर बाजूचे, सॅजिटल काप उघडावेत आणि हवेचा माग काढावा. वरचा कप्पा पुढच्या एथमॉइडच्या रांगेतच बसतो, तर स्फेनॉइडचं तोंड स्वतंत्र, मध्यरेषेजवळ असतं.

ही ओळख मला रिपोर्टमधली सर्वांत मोलाची ओळ वाटते, कारण डोळ्याची नस ओनोडी सेलच्या भिंतीला लागून जाते, कधी आत फुगवटाही काढते. नसेवरचं हाड पातळ असतं, क्वचित नसतंच. दुर्बिणीने ऑपरेशन करणारा सर्जन एथमॉइड उघडत मागे येतो. स्फेनॉइड समोरच आहे या समजुतीने तो सरळ मागे किंवा बाहेर गेला, तर नस आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी तिथेच आहेत. खरा स्फेनॉइड असतो खाली आणि मध्यरेषेकडे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या ऑपरेशनातही मागे सरकलेला हा कप्पा सेलाचा, म्हणजे ती ग्रंथी बसते त्या हाडातल्या खोबणीचा, तळ झाकू शकतो.

रिपोर्टमध्ये ओनोडी सेल लिहिलेला दिसला तर घाबरू नये. ती घडण आहे, आजार नव्हे. फक्त ऑपरेशन ठरलं असेल तर रिपोर्टच्या कागदासोबत स्कॅनची सीडीही सर्जनकडे न्यावी. त्रास होतो तो या कप्प्याचं तोंड बंद होऊन आत म्युकोसील, म्हणजे चिकट स्रावाची फुगत जाणारी पिशवी, साचला तर. मग नाकाची तक्रार नसतानाही एका डोळ्याची नजर उतरू शकते, आणि रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचतो.