गाडी चुकली तर नऊ आठवडे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा मजकूर लिब्रेऑफिसमध्ये टाइप होत असताना एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "या फुकटच्या सॉफ्टवेअरला मालक नाही म्हणता, मग नव्या आवृत्तीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे ठरवतो कोण?" जिथे साहेब नाही तिथे वेळापत्रक नाही, हा समज या प्रश्नामागे आहे. प्रत्यक्षात लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते आणि २०२४ पासून २४.२, २४.८ अशा क्रमांकांतून तिचे वर्ष व महिनाही कळतो.

पूर्वी मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा प्रकल्पांत अशी शिस्त सर्रास नव्हती. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ साठी डिसेंबर २००३ उजाडला; लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन या प्रणालीच्या ३.० आणि ३.१ या आवृत्त्यांतही जवळजवळ तीन वर्षे गेली. अमुक इतकी फीचर्स पूर्ण झाली की आवृत्ती काढू, ही रीत शहाणपणाची वाटते खरी, पण उशीर पोसते तीच. पुढची आवृत्ती तीन वर्षांनी येणार असेल, तर प्रत्येक प्रोग्रामर आपले अर्धेकच्चे काम याच आवृत्तीत घुसवू पाहतो. ते निस्तरताना तारीख पुढे जाते. तेवढ्यात दुसऱ्या कोणाचे काम 'जवळजवळ तयार' होते आणि तोही हट्ट धरतो. गर्दीमुळे उशीर आणि उशिरामुळे आणखी गर्दी.

यावरचा तोडगा म्हणजे तारीख आधी बांधणे आणि यादी मोकळी सोडणे. लिनक्स कर्नलमध्ये दोन आठवडे 'मर्ज विंडो' उघडी असते आणि नवे काम तेवढ्यातच आत येते. ती बंद झाली की 'आरसी १' ('रिलीज कँडिडेट') ही चाचणी आवृत्ती निघते आणि त्यानंतर दर आठवड्याला फक्त दुरुस्त्या घेत आरसी ७ किंवा ८ पर्यंत मजल जाते, म्हणजे एकूण नऊ-दहा आठवडे. जाणकार याला 'रिलीज ट्रेन' म्हणतात. दिवसाला एकच गाडी असली की वडोदरा स्थानकावर माणसे दाराला लोंबकळतात. मागून लगेच दुसरी येणार असेल, तर भरलेली गाडी सोडून द्यायला कोणी कुरकुरत नाही.

दार बंद का करावे लागते, याचे गणित मला फार आवडते. १० नवी फीचर्स एकमेकांशी भिडण्याच्या जोड्या ४५ होतात, तर ४० फीचर्सच्या ७८०. म्हणजे काम चौपट, पण तपासणी सतरापट. शिवाय कर्नलच्या एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतला नेमका कोणता बिघाड करतो, हे शोधताना बदलांची रांग मधोमध कापून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहतात, मग त्या अर्ध्याचे अर्धे. २ चा १४ वा घात १६,३८४ असल्यामुळे साधारण १४ चाचण्यांत गुन्हेगार सापडतो, अर्थात बिघाड दर वेळी हमखास दिसत असेल तरच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मध्ये यासाठी 'बायसेक्ट' नावाची आज्ञाच आहे. म्हणून मर्ज विंडो बंद झाल्यावर प्राधान्यक्रम उलटा होतो: काल चालत होते आणि आज चालत नाही, ते सर्वांत आधी, नवे, देखणे फीचर सर्वांत शेवटी. दुरुस्ती जमली नाही, तर तो बदल सरळ काढून टाकतात आणि त्याच्या कर्त्याला पुढच्या मर्ज विंडोची वाट पाहावी लागते.

क्रमांकाच्या गाजावाजाला मात्र भुलू नये. लिनक्स २०११ मध्ये २.६.३९ वरून ३.० वर गेले ते कोणत्याही क्रांतीमुळे नव्हे, तर आकडे फार लांबले म्हणून. मायक्रोसॉफ्ट ऑफिसने १२ नंतर थेट १४ गाठले, कारण १३ अशुभ! मुहूर्ताचे वेड आपल्याकडेच आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मंडळाच्या संगणकावर ऑगस्टची आवृत्ती अजून घातलेली नाही. जुनीत आमची जोडाक्षरे आणि पानांची मांडणी नीट बसली आहे. अंक छापखान्यात गेला की नवी घालू.